उत्तन: ठाणेकरांनी कशासाठी आणि केव्हा जावे

आपण घोडबंदर रस्त्यावर राहता, आई-वडील आणि मुले यांना घेऊन एका सुट्टीत समुद्राकाठचे एखादे खरे गाव पाहायचे आहे, अलिबागपर्यंतचा प्रवास नको आहे, आणि भाईंदरजवळच्या उत्तनला पाहण्यासारखे काय व तिथले लोक जगतात कसे, असे आपण विचारले आहे. माझे माहेर उत्तनचे आणि संसार ठाण्यात, त्यामुळे दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. पोहण्यासाठी आणि वाळूत खेळण्यासाठी जायचे असेल तर उत्तनला जाऊ नका. किनारा बराचसा खडकाळ आहे आणि उरलेल्या जागेत होड्या, जाळी व मासळी असते. गाव आपल्या कामात असलेले पाहायचे असेल, तर मात्र ठाणे जिल्ह्यात याहून चांगली जागा मला माहीत नाही.

एकाच जिल्ह्यात असूनही ठाणे स्थानकातून भाईंदरला थेट लोकल नाही. दादर गाठून पुन्हा वर येण्यापेक्षा घोडबंदर रस्त्याने फाउंटन हॉटेलच्या नाक्यावरून भाईंदर पश्चिमेला जावे आणि स्थानकाबाहेरून उत्तन किंवा त्याच भागातल्या चौक गावची बस पकडावी. मुर्धे, राई, मोर्वा ही आगरी गावे आणि डोंगरी मागे टाकत रस्ता समुद्राकडे वळतो.

गावाचे दिवस घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर चालतात. बोंबील पकडण्याची डोल जाळी समुद्रात एका जागी रोवलेली असतात आणि पाण्याच्या ओढीनेच मासळी त्यांत शिरते. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बंदरावर धावपळ असते, आणि अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगात, ओढ मंदावली की गाव जरा निवांत होते. बोटीवर पुरुष जातात. बोट लागल्यानंतरचे निवडणे, वाळवणे आणि विकणे ही कामे मुख्यतः बायकांची असतात, आणि पैशाचा हिशेबही बहुतेक घरांत त्यांच्याच हातात असतो.

वाळवणीच्या जागी थोडा वेळ उभे राहावे, असे मी आग्रहाने सांगेन. बांबूंच्या उभ्या-आडव्या चौकटींना वलांडी म्हणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकतात, एक इकडे आणि एक तिकडे. त्यांचे बारीक, आत वळलेले दात इतके घट्ट बसतात की वेगळी गाठ मारावी लागत नाही, आणि सराईत हात बोलता बोलता पाटीभर बोंबील टांगून मोकळे होतात. त्यानंतर कडक ऊन आणि वारा हवा. अवेळी पावसाची एक सर आली तरी माल काळा पडतो. जवळा मात्र जमिनीवर पसरतात. वास येतोच, नाकाला रुमाल लावून मुलांसमोर तोंडे वाकडी करू नयेत, कारण समोरची मावशी ते पाहत असते. फोटो तिला विचारून काढावा.

गावात कोळी ख्रिस्ती समाज मोठा आहे. घरात कोळी वळणाची मराठी, चर्चमध्ये मराठीतून मिस्सा (प्रार्थनाविधी) आणि लग्नात उंबराच्या पाण्याचा विधी, हे सगळे एकत्र नांदते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो. त्या दिवशी नव्या भाताच्या लोंब्यांना चर्चमध्ये आशीर्वाद दिला जातो. भाटे बंदराच्या वेलंकनी मातेचा सण 8 सप्टेंबरला असतो. त्या दिवसांत फार गर्दी होते, म्हणून वयस्कर माणसांना घेऊन तेव्हा जाणे टाळावे.

चौकला धारावीचा किल्ला आहे (झोपडपट्टीच्या धारावीशी त्याचा संबंध नाही). अवशेष थोडेच उरले आहेत, पण तिथे उभे राहून खाडीपलीकडच्या वसईकडे पाहिले की पोर्तुगीजांकडून वसई घेण्याच्या 1737 ते 1739 च्या मोहिमेत मराठ्यांना ही जागा का हवी होती, ते मुलांनाही समजते. वसईच्या खाडीचे तोंड इथून नजरेच्या टप्प्यात असल्याने पोर्तुगीजांची समुद्रमार्गे येणारी रसद रोखणे शक्य होते. त्या मोहिमेचे सेनापती चिमाजी अप्पा यांचे स्मारक तिथेच आहे. वेळ उरला तर त्याच रस्त्याने पुढे गोराईचा विपश्यना पगोडा पाहता येईल. 2009 साली खुल्या झालेल्या या घुमटाखाली एकही खांब नाही आणि सुमारे 8000 माणसे एका वेळी ध्यानाला बसू शकतात.

राहणीमानाबद्दल विचारलेत म्हणून सांगते, चित्र सगळे गोड नाही. उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण असते, मोठ्या दुखण्याला भाईंदर गाठावे लागते, आणि धावगीच्या डोंगरावरील कचऱ्याला आग लागली की धूर थेट घरांत येतो. डोंगरीला मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडण्यावरून वाद झाला. तरुण मुले नोकरीकडे वळत आहेत, आणि बोटीवर खलाशी बाहेरून आणावे लागतात.

जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते. तेव्हा होड्या वर ओढलेल्या दिसतील, वलांड्या रिकाम्या असतील आणि आपला फेरा फुकट गेल्यासारखा वाटेल. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. शक्यतो उधाणाचे दिवस पाहून सकाळी लवकर पोहोचावे. सुके बोंबील घ्यायचे असतील तर वाकवून पाहावेत. लवचीक लागले तर आत ओल आहे, घरी आठवड्यात बुरशी येईल; कडक आणि पिवळसर पांढरे असतील तेच घ्यावेत, आणि परतीच्या बसमध्ये सहप्रवाशांचा विचार करून दोन पिशव्यांत नीट बांधून न्यावेत.