वाचकांचे प्रश्न : अकोल्याहून रामटेक, आधी रेल्वेने मग सायकलने

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांची. अकोल्यात दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. तीन वर्षांपासून आम्ही चौदा जण फोनवर शब्दकोडी सोडवतो, एकमेकांसाठी रचतो. कोणी रत्नागिरीचं, कोणी जळगावचं, दोघं नागपूरचे. आजवर कोणी कोणाला पाहिलेलं नाही. डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारी सगळ्यांनी रामटेकला जमायचं ठरलंय. माझ्याकडे गिअरची सायकल आहे. रेल्वेने नागपूरला उतरायचं आणि पुढे सायकलने जायचं असं माझ्या मनात आहे. पण सायकल रेल्वेत चढवतात कशी, हे मला माहीत नाही. आई म्हणते, "ओळख ना पाळख, आणि वरून सायकल कशाला? बसने जा, नाहीतर जाऊच नको." तिचं ते पहिलं वाक्य माझ्याही मनातून जात नाही. काय करू?
एक वाचक, अकोला

उत्तर : जा. आणि सायकल घेऊनच जा. उत्तर आधीच देऊन टाकते, कारण पुढचं सगळं लांबणार आहे.

माझे बाबा रेल्वेत गार्ड होते. नागपुरातल्या अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. गार्डाला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, २०२२ पासून. आमच्या घरात मात्र बाबा गार्डच राहिले. गाडीच्या शेपटाला सामानाच्या डब्यात काय काय चढतं ते मी फ्रॉकात असल्यापासून बघत आले आहे. वर्तमानपत्रांचे गठ्ठे, औषधांची खोकी, आणि गोणपाटात गुंडाळलेल्या सायकलीही. त्यामुळे सायकल रेल्वेने न्यायची म्हटलं की लोक जसे बिचकतात, तशी मी कधी बिचकले नाही. मात्र एकदा हात पोळलेत, तेही सांगते.

सायकल दोन तऱ्हांनी जाते. एक पार्सल म्हणून, म्हणजे तू तिच्यासोबत नसलीस तरी चालतं, पण ती कुठल्या गाडीत चढेल याचा भरवसा नाही. दुसरी तऱ्हा लगेजची. तुझं तिकीट दाखवायचं, त्यावर सायकल नोंदवायची, आणि ती तुझ्याच गाडीच्या सामानाच्या डब्यातून जाते. तुला ही दुसरी हवी. दोन्ही कामं पार्सल ऑफिसातच होतात, म्हणून खिडकीवर तोंडाने स्पष्ट सांग, "लगेज करायचंय, माझ्यासोबत जाणार आहे." नाहीतर समोरचा सवयीने पार्सलचा फॉर्म पुढे सरकवतो. गाडीच्या दीड तास आधी पोच. पावती मिळेल ती पर्समध्ये नको, कपड्याच्या खिशात ठेव; उतरल्यावर तीच दाखवून सायकल मिळते. आणि ती लगेच सोडवून घे, ठेवून दिलीस तर वर पैसे लागतात.

आता गाडी निवडताना वेळेपेक्षा एक गोष्ट बघ : ती नागपूरला संपते का? मुंबईहून येणारी सेवाग्राम एक्स्प्रेस नागपूरलाच संपते, अकोल्याला थांबते. संपणाऱ्या गाडीतून सायकल निवांत उतरते. परतीला उलट, नागपुरातूनच सुटणारी गाडी बघ, ती फलाटावर आधी लागते.

हे मी का सांगते? २०१७ साली मी अशीच एका मेळाव्याला निघाले होते. आम्ही आकाशदर्शनवाले. दोन वर्षं एकमेकांना लिहीत होतो, भेट पहिलीच. गाडी लांब पल्ल्याची, माझं स्टेशन मधलं, थांबा पाच मिनिटांचा. माझा डबा इंजिनाजवळ, सायकल शेपटाला. उतरून बॅग सावरत, गर्दीतून वाट काढत मी मागे पोचले तेव्हा डब्याचं दार बंद झालं होतं आणि गाडी हलली होती. सायकल माझ्यासमोरून पुढे गेली. गार्डाच्या पोरीची सायकल! तिथल्या लोकांनी फोन केले, पुढच्या मोठ्या स्टेशनवर ती उतरवून घेतली, संध्याकाळच्या उलट्या गाडीने परत आली. मागचं चाक आऊट, दोन तारा वाकलेल्या, मडगार्ड गायब. चूक माझी होती. सामानाचा डबा कुठे लागतो ते आधी विचारून तिकडच्या टोकाला जायला हवं होतं. आता गाडी स्टेशनात शिरायच्या दोन स्टेशनं आधीच मी सामान घेऊन गाडीच्या आतूनच मागच्या डब्यांकडे सरकते.

सायकल बांधताना आधी पायडलं काढ. एका हमालाने मला सांगितलं होतं, "ताई, पायडल काढून द्या जी, नाही तं कोणाच्या पोत्यात घुसते." अगदी खरं आहे ते. १५ चा पान्हा लागतो. उजवं पायडल नेहमीसारखं उघडतं, डावं उलट्या आट्यांचं असतं. तिथेच लोक जोर लावून लावून आटे खराब करतात. लक्षात ठेवायला सोपं आहे : पान्हा पायडलच्या वर उभा धर आणि त्याचं वरचं टोक मागच्या चाकाकडे ओढ. दोन्ही बाजूंना हाच नियम. काढलेली पायडलं जुन्या मोज्यात घालून तुझ्या बॅगेत. हँडल सैल करून फ्रेमला समांतर वळव आणि घट्ट बांध. गिअरचा मागचा भाग, तो डिरेल्युअर, पुठ्ठ्यात गुंडाळ, कारण पहिला मार तोच खातो. दिवा, पंप, बाटली, सीटखालची पिशवी, काहीही सायकलवर ठेवू नकोस. दोन ठिकाणी नाव, फोन, 'अकोला ते नागपूर' आणि पीएनआर लिही; एक पुठ्ठ्यावर, एक फ्रेमला चिकटपट्टीने थेट. पुठ्ठा फाटतो.

नागपूरला उतरलीस की सायकल बांधलेलीच ठेवू नको. पार्सल ऑफिसबाहेर बाजूला बसून पायडलं लाव, हवा बघ, ब्रेक दाबून बघ. घाई नाही. मग शहरातली गर्दी टाळायची एक सोय आहे, जी नागपूरच्याही पुष्कळांना ठाऊक नाही : आमच्या मेट्रोत सायकल नेता येते. रेल्वे स्टेशनच्या मेट्रोतून सीताबर्डीला ये, तिथे लाइन बदल, आणि ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत बसून राहा. तो कामठी रोडच आहे, तुझ्या वाटेवरचा. सीताबर्डीला जिना नको, लिफ्ट घे. गड्डीगोदामला खिडकीतून खाली बघ. सगळ्यात खाली रस्ता, त्याच्यावर रेल्वे, रेल्वेवर उड्डाणपूल, आणि सगळ्यांच्या वर तू. मी तिथे दर वेळी उठून उभी राहते.

ऑटोमोटिव्ह चौकाजवळ तर्री पोहे खा. तर्री कमी सांग, पुढे सायकल चालवायची आहे. तिथून रामटेक ४० ते ४५ किलोमीटर. कामठी, मग कन्हान नदीचा पूल, मग कन्हान. इथवर ट्रकची वर्दळ आहे, डावी कड सोडू नकोस, आणि दिवसाही मागचा लाल दिवा लावून ठेव. पुढे रस्ता मोकळा होतो. मनसरला महामार्ग सोडून उजवीकडे वळायचं. मनसरला मँगनीजच्या खाणी आहेत आणि उत्खननात निघालेले वाकाटककालीन अवशेष. पण थांबायचंच असेल तर ते परतताना बघ, जाताना पाय गार पडू देऊ नको. मनसरनंतर गडाचा डोंगर समोर दिसायला लागतो आणि शेवटचे सात-आठ किलोमीटर आपोआप सरतात. थांबत थांबत चार तास धर. गडावर सायकल चढवायच्या भानगडीत पडू नकोस, खालीच लाव. आणि हँडलला पिशवी लटकवून ठेवू नकोस. रामटेकची माकडं पिशवीची चेन उघडतात, मी डोळ्यांनी पाहिलंय.

पाय दुखले, पंक्चर झालं, काहीही झालं तरी रामटेकहून नागपूरच्या इतवारी स्टेशनला गाडी आहे. तिची वेळ आधीच लिहून ठेव. फलकावर आता नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी असं लांब नाव आहे, गोंधळू नको.

आता आईच्या त्या वाक्याकडे येते, ओळख ना पाळख.

आईला चूक म्हणू नकोस. तिने जन्मभर ओळख घरातून, गावातून, सोयरिकीतून धरली. पण तीन वर्षं एकमेकांची कोडी सोडवणाऱ्यांची एकमेकांशी ओळख नाही, हेही मला पटत नाही. कोण हरल्यावर चिडतं, कोण दुसऱ्याला इशारा देऊन स्वतः मागे राहतं, कोण चुकल्यावर कबूल करतं, हे तुला माहीत आहे. शेजारणीबद्दल एवढं माहीत असतं का? तुला माहीत नाही ते एवढंच, की माणूस समोर बसल्यावर कसा असतो. त्यासाठी तर चालली आहेस.

तरी आईच्या काळजीचं उत्तर कृतीने दे. येणाऱ्यांतल्या दोन बायकांशी आधी फोनवर बोल, आणि त्यातल्या एकीशी आईलाही बोलू दे. खोली कोणाच्या नावावर आहे ते विचारून घे, आणि तुझ्या खोलीची किल्ली तुझ्याकडे असू दे. शनिवारी दुपारच्या आत, उजेडात पोच. परतीचं तिकीट निघण्याआधी काढ. तिथे कोणाचंही वागणं खटकलं, तर कोणाला समजावत बसायचं नाही. सायकल काढायची आणि स्टेशन गाठायचं. मी सायकल घेऊनच जा म्हणते ते यासाठी. बसने गेलीस की परतताना कोणाच्या तरी गाडीत जागा मागावी लागते. सायकल दारात उभी असली की आपण कोणाच्या हातात नसतो. आईला हे सांग, पटेल तिला. रेल्वेत काही अडचण आली तर १३९ लाव.

२०१७ च्या त्या मेळाव्याचं राहिलं. सायकल संध्याकाळी हाती आली तेव्हा मला रडू फुटायचं बाकी होतं. सगळे गच्चीवर दुर्बिणी लावत होते. एक गृहस्थ, लिहिताना दोन दोन पानं वाद घालणारे, दिवसभर कोणाशी बोलले नव्हते. ते माझ्या सायकलपाशी येऊन उकिडवे बसले, खिशातून तारा आवळायची छोटी चावी काढली, चाक फिरवून एकेक तार बोटाने छेडत कानाने सैल तार हुडकू लागले. अर्धा तास गेला. चाक सरळ फिरायला लागल्यावर म्हणाले, "तुमचा आवाज मी वेगळा धरला होता." एवढंच. आज नऊ वर्षं होत आली, त्यांच्या मुलीच्या लग्नात मी आहेर घेऊन गेले होते.

पहिला एक तास अवघड जाईल, ते धरून चाल. कोणालाच तोंडाने बोलायची सवय नसते. जाताना एक कोडं कागदावर, हाताने रचून ने. चौदा डोकी एका कागदावर वाकली की बाकीचं होतं.

प्रश्न : मी ६४ वर्षांचा, हिंगणा रोडला राहतो. मुलाने २० इंची चाकांची घडीची सायकल घेऊन दिली. जुन्या पत्रमित्रांना भेटायला वर्ध्याला जायचं आहे. ही सायकल डब्यात सोबत नेता येईल का, की तिलाही लगेजमध्येच टाकावं लागेल?
एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, डब्यात नेण्याच्या सामानाला मापाची मर्यादा १०० सेंटिमीटर लांब, ६० रुंद, २५ जाड अशी आहे. तुमची घडी लांबी-रुंदीत बहुतेक बसेल, जाडीत थोडी बाहेर जाईल. घरी टेपने मोजा. पिशवीत पूर्ण झाकलेली, चेन बाहेर न दिसणारी घडी खालच्या बर्थखाली सरकली तर सहसा कोणी हरकत घेत नाही. पण माप ओलांडत असेल तर तिकीट तपासनीसाने लगेज करायला सांगितलं तर ते नियमातच आहे, वाद घालू नका. गर्दीची गाडी टाळा. पिशवी दुकानातली महाग वाटली तर जुन्या सतरंजीची शिवून घ्या, मी तशीच शिवली आहे. तळाला दुहेरी कापड घाला, कारण चेनचं तेल खाली झिरपतं आणि शेजारच्याच्या साडीला लागतं.

आणि एक सांगायचं म्हणजे, वर्ध्याचं तिकीट काढताना गाडी वर्ध्याला जाते की सेवाग्रामवरून बल्लारशाकडे वळते ते बघून घ्या. सेवाग्रामला उतरलात तरी बिघडत नाही, वर्धा शहर तिथून तीन-चार किलोमीटरच आहे, आणि सायकल तर तुमच्या हातात असेलच. पत्रमित्रांसाठी काही न्यायचं मनात असेल तर नागपूरहून संत्रा बर्फी न्या. येताना वर्ध्याचा गोरसपाक आणा. तो ठिसूळ असतो, सायकलच्या पिशवीत नाही, डब्यात घालून हातात धरून आणा.