पार्किन्सन्स की त्याचा भाऊबंद? स्कॅनमध्ये काय कळतं

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. बाबा ६७ वर्षांचे आहेत. दीडेक वर्षापूर्वी चाल मंदावली म्हणून पार्किन्सन्सच्या गोळ्या सुरू झाल्या, पण फरक शून्य, उलट तीन-चार वेळा उभ्या उभ्या मागच्या मागे पडले. हात मात्र अजिबात कापत नाहीत. आता न्यूरॉलॉजिस्ट म्हणतायत हा वेगळा प्रकार असू शकतो, एमआरआय करा. मामा म्हणतात डायरेक्ट पेट स्कॅनच करून टाका, एकदाच काय तो निकाल लागेल. काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर : मामांचं आत्ता तरी ऐकू नका. थरथर नाही, गोळीला दाद नाही आणि पहिल्या दोन वर्षांतच मागे पडणं, हे सगळं एकत्र आलं की आमच्या डोक्यात पीएसपी येतो, म्हणजे प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी. १९६४ साली टोरांटोच्या स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्हस्की या तिघांनी तो पहिल्यांदा नीट मांडला. बाबांना जिना उतरताना पायरी नीट दिसत नाही का, जेवताना ताटाकडे नजर वळत नाही, शर्टावर सांडतं असं होतंय का, हे घरी बघा आणि डॉक्टरांना सांगा, कारण यात डोळ्यांची वर-खाली हालचाल मंदावते.

आता एमआरआय. मेंदूचा मधोमध उभा काप घेतला की बाजूने मिडब्रेन, म्हणजे मेंदूच्या देठाचा वरचा भाग दिसतो, पीएसपीत तो वाळत जातो आणि देठाचा त्याखालचा भाग, पॉन्स, मात्र गुटगुटीतच राहतो, त्यामुळे ते चित्र चोच पुढे काढलेल्या हमिंगबर्डसारखं दिसतं, आणि रेडिओलॉजिस्ट तसंच लिहितात, 'हमिंगबर्ड साइन'. दुसरा भाऊबंद एमएसए, म्हणजे मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफी, त्यात उभं राहिल्यावर बीपी धाडकन उतरतं, लघवीचे त्रास लवकर सुरू होतात, आणि आडव्या कापात पॉन्सवर फुलीसारख्या पांढऱ्या रेघा दिसू शकतात. पण गंमत अशी की फॉर्मवर नुसतं 'चालायला त्रास' लिहिलं असेल तर रिपोर्टमध्ये 'वयोमानानुसार आकुंचन' एवढंच येऊ शकतं. म्हणून डॉक्टरांना फॉर्मवर स्पष्ट लिहायला सांगा, पीएसपी की एमएसए की पार्किन्सन्स. आणि सुरुवातीला एमआरआय अगदी स्वच्छ आला तरी हे आजार नाहीतच असं होत नाही, खुणा उमटायला वेळ लागतो.

एमआरआयवरही गोंधळ राहिला तर मग एफडीजी पेट. मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतोय ते त्यात दिसतं. पार्किन्सन्समध्ये प्युटामेन हा आतला भाग चांगला चालू असतो, एमएसएमध्ये तो आणि लहान मेंदू मंद पडतात, पीएसपीत मिडब्रेन आणि पुढच्या भागाचा मधला पट्टा. डायबिटीस असेल तर आधी सेंटरला सांगा, शुगर वाढलेली असेल तर चित्र बिघडतं.

प्रश्न : सासूबाईंचे दोन्ही हात कापतात, चेहरा एकदम निर्विकार झालाय. गॅससाठीची लेव्होसल्पिराइडवाली गोळी त्या वर्षभर घेतायत. ट्रोडॅट स्कॅन सुचवलाय. त्यात पार्किन्सन्सचा प्रकार कळेल ना? – एक वाचक, ठाणे

उत्तर : प्रकार नाही कळणार, पण तुमच्या केसमध्ये कामाचा आहे. हालचालींसाठी लागणारं मेंदूतलं रसायन म्हणजे डोपामिन, त्याचे धागे शाबूत आहेत की गेलेत एवढंच तो सांगतो. निरोगी माणसाच्या स्कॅनमध्ये दोन चमकदार स्वल्पविराम दिसतात, पार्किन्सन्समध्ये त्यांच्या शेपट्या विझतात आणि उरतात दोन ठिपके. पण पीएसपी आणि एमएसएमध्येही बहुधा तसंच दिसतं, म्हणून भाऊबंदांतला फरक त्याला कळत नाही, आणि रिपोर्ट 'अॅबनॉर्मल' आला म्हणजे पार्किन्सन्सच असं धरून बसू नका. युरोपात २००० पासून आणि अमेरिकेत २०११ पासून डॅटस्कॅन नावाने असाच स्कॅन होतो, आपल्याकडे ट्रोडॅट जास्त चालतो.

औषधामुळे झालेल्या पार्किन्सनिझममध्ये, म्हणजे पार्किन्सन्ससारख्या लक्षणांमध्ये, हा स्कॅन नॉर्मल येतो. लेव्होसल्पिराइड, मेटोक्लोप्रामाइड, चक्करसाठीच्या सिनॅरिझिन, फ्लुनॅरिझिन, या सगळ्यांनी हे होऊ शकतं आणि आपल्याकडे या गोळ्या वर्षानुवर्षं चालू राहतात, कुणी बंद करायला सांगतच नाही! डॉक्टरांना विचारून आधी ती गोळी थांबवता येते का बघा. बरं वाटायला आठवडे, कधी कधी महिने लागतात. तरीही उतार पडला नाही तर मग स्कॅन.

प्रश्न : एआय एमआरआय बघून निदान करतो म्हणे? – एक वाचक, नागपूर

उत्तर : फ्लोरिडा विद्यापीठात डेव्हिड व्हायनकोर्ट यांच्या टीमने असं सॉफ्टवेअर बनवलंय, ते डिफ्युजन एमआरआयवरून मेंदूच्या पेशींभोवती पाणी कसं हलतंय ते मोजून पार्किन्सन्स, एमएसए आणि पीएसपी वेगळे काढायचा प्रयत्न करतं. पण त्यासाठी स्कॅन ठरावीक पद्धतीनेच घ्यावा लागतो, कपाटातली जुनी फिल्म दाखवून काही होणार नाही. जुन्या एमआरआयची सीडी मात्र फेकू नका, वर्षभराने पुन्हा स्कॅन झाला तर मिडब्रेन किती बारीक झाला हे दोन्ही शेजारी ठेवूनच बघावं लागतं.