सॉफ्टवेअर सिंथचं (कंप्युटरवर चालणाऱ्या सिंथेसायझरचं) नवीन व्हर्जन खरंच वेगळं वाजतं का, की नुसता भास?

दोन्ही असू शकतं, पण आधी जुन्या-नव्या व्हर्जनची लेव्हल (आवाजाची पातळी) जुळवा, कारण अर्धा डेसिबल जरी जास्त असला तरी कानाला तोच आवाज 'जाड' आणि भारी वाटतो, आणि निम्मी भांडणं इथंच मिटतात. बरेच जण मग दोन्ही रेंडर करून (ऑडिओ फाइल काढून) एकाचा फेज उलटा करतात, म्हणजे लहर उलटी फिरवतात, आणि बेरीज शांत येते का बघतात. आयडिया बरोबर आहे, पण ऑसिलेटर (मूळ लहर तयार करणारा भाग) फ्री रनिंग असेल, म्हणजे लहर दर वेळी वेगळ्या जागेपासून सुरू होत असेल, तर एकाच व्हर्जनचे दोन रेंडरसुद्धा जुळत नाहीत (मी यात अख्खी संध्याकाळ घालवलीये), म्हणून फेज रीसेट चालू करा, युनिझन, कोरस, रिव्हर्ब असे आवाज जाड करणारे किंवा घुमवणारे इफेक्ट सगळे बंद, आणि नुसती सॉ वेव्ह (करवतीच्या दात्यांसारखी लहर) वरच्या सप्तकात वाजवा. एलियासिंग (डिजिटल आवाजात चुकून येणारे जादा सूर) असेल तर तिथं सुराशी न जुळणारी किणकिण ऐकू येते, आणि ओव्हरसँपलिंगमधला (ते टाळायला आतून जास्त सँपल रेटवर गणित करण्यातला) फरकही तिथंच पकडता येतो. मग फिल्टरचा रेझोनन्स (कटऑफजवळचा उठाव) वाढवून कटऑफ (जिथून फिल्टर आवाज कापतो ती जागा) भराभर फिरवा, फिल्टर बदललाय का ते लगेच कळतं.

आणि हो, मॅसिव्ह हा सिंथ आणि नंतर आलेला मॅसिव्ह एक्स (२०१९) अशी तुलना करू नका, ते इंजिनच वेगळं आहे, मॅसिव्हचे जुने प्रीसेट (तयार आवाज) एक्समध्ये उघडतसुद्धा नाहीत.