तक्रारी वाढल्या, म्हणजे काम फसले का?

प्रश्न : आमच्या भागात पोलीस, रुग्णालय, वकील आणि महिला संघटना यांची समन्वय समिती तीन वर्षे काम करते आहे. या काळात कौटुंबिक हिंसेच्या नोंदलेल्या तक्रारी वाढल्या, त्यामुळे निधी देणारी संस्था समितीच्या उपयोगाबद्दलच शंका घेत आहे. अशा कामाचे मूल्यमापन कशावरून करावे?
— समितीच्या एक सदस्या

उत्तर : तक्रारींचा आकडा दोन गोष्टी एकत्र मोजतो : हिंसा किती झाली आणि ती सांगण्याची हिंमत किती जणींना झाली. समिती काम करू लागली की आधी दुसरी गोष्ट बदलते, म्हणून सुरुवातीची वाढ अपेक्षितच असते. तरीही ती आपोआप यशाची खूण ठरत नाही, हेही निधी देणाऱ्यांना मोकळेपणाने सांगा. त्याच स्त्रीला त्याच पुरुषाविरुद्ध पुन्हा किती वेळा यावे लागले, पहिला मार बसल्यापासून मदत मागेपर्यंत किती काळ गेला आणि रुग्णालयात येणाऱ्या जखमा किती गंभीर होत्या, हे पाहिल्यास त्या वाढीचा अर्थ लागू शकेल.

तीन वर्षांचा काळ पुरेसा आहे का, हाही प्रश्न आहे. अमेरिकेत असे समन्वित काम चालणारी १० ठिकाणे आणि ते नसलेली १० ठिकाणे यांची तुलना करणारा, सुमारे १२,००० जणांना दूरध्वनीवरून प्रश्न विचारून केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एकंदरीत दोन्हींत ठळक फरक दिसला नाही. मात्र जिथे काम सहा वर्षे चालले होते, तिथल्या स्त्रियांनी मागील वर्षातील हिंसा तीन वर्षे काम झालेल्या ठिकाणांपेक्षा कमी सांगितली. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण हे दोन्ही निष्कर्ष निधी देणाऱ्यांपुढे ठेवावेत, सोयीचा तेवढाच नव्हे.

माझ्या मते तुमच्या हातात असलेले सर्वात उपयोगी साधन म्हणजे जुन्या फायली. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील डुलुथ शहरात १९८०-८१ च्या सुमारास पोलीस, न्यायालय आणि स्त्रियांचे आश्रयगृह यांना एका सूत्रात आणणारे काम सुरू झाले. त्यातील एक अग्रणी एलेन पेन्स यांनी पुढे सुरक्षिततेची तपासणी करण्याची पद्धत विकसित केली. तिचा रोख व्यक्तींच्या दोषांवर नसून अर्ज, नियम आणि एका खात्याकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या माहितीवर असतो. तुम्हीही निकाली निघालेली वीस-तीस प्रकरणे घ्या, नावे झाका आणि पहिल्या फोनपासून शेवटच्या आदेशापर्यंतचा प्रवास वाचा. डॉक्टरांनी ‘पडून लागले’ एवढेच लिहिले का? आधीच्या धमक्यांची नोंद जामिनाच्या सुनावणीपर्यंत पोहोचली का? आणि ज्याला जामीन मिळाला तो घरी पोहोचण्याआधी त्या स्त्रीला कोणी कळवले का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे वारंवार येत असेल, तर दर महिन्याच्या बैठका नियमित होऊनही तुमचा समन्वय तिच्या दारापर्यंत पोहोचलेला नाही. बैठकांची संख्या आणि प्रशिक्षणांची हजेरी अहवालाच्या परिशिष्टात टाकली तरी चालेल.

कागद वाचून झाल्यावर स्त्रियांना विचारावेच लागेल. किती ठिकाणी तीच हकिकत पुन्हा सांगावी लागली, कोणाच्या वागण्याने परत फिरावेसे वाटले, आज घरात भीती पूर्वीपेक्षा कमी आहे का, हे त्यांच्याशिवाय कोणीच सांगू शकणार नाही. मात्र त्यांच्या घरी पत्र पाठवू नका आणि तिने स्वतः सुरक्षित म्हणून दिलेल्या क्रमांकाखेरीज फोन करू नका. मुलाखत एकांतात घ्या, ती नाकारल्यास मदत थांबणार नाही हे आधी सांगा, आणि विचारणारी व्यक्ती तिला सेवा देणाऱ्यांपैकी नसावी. मूल्यमापनामुळे एकीवरही पुन्हा हात उगारला जाण्याची शक्यता दिसली, तर तेवढी मुलाखत सोडून द्या. तिच्याविना अहवाल थोडा अपुरा राहिला तरी चालेल.