हार्वर्ड-येल सामन्याला पहिल्यांदाच जाताय?

या दोन विद्यापीठांमधला अमेरिकन फुटबॉलचा हा सामना, म्हणजेच 'द गेम', थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या अमेरिकी सणाच्या) आधीच्या शनिवारी असतो: सम वर्षी हार्वर्डकडे, विषम वर्षी येलच्या 'येल बोल' स्टेडियममध्ये. तिकीट विद्यार्थी कोट्यातून आधीच काढून ठेव. ऐन वेळी मिळेल या भरवशावर राहू नकोस.

थंडीला हलक्यात घेऊ नकोस. हार्वर्डचं स्टेडियम १९०३ चं, काँक्रीटचं. बसल्या जागी गारठा खालून चढतो, म्हणून जाड बसकर हवंच. बूट एक नंबर मोठे आणि आत लोकरी मोजे घाल. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले तर पाय आणखीच गारठतात. बॅगेचे नियम आदल्या दिवशी वाच, नाहीतर गेटवरून परत पाठवतात.

खेळ कळायला एवढं पुरे: चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा. टचडाउनचे (चेंडू घेऊन समोरच्या टोकाच्या पट्ट्यात घुसण्याचे) सहा गुण, मग किक मारून एक किंवा पुन्हा घुसून दोन. त्यामुळे सोळा गुणांची आघाडीही दोन टचडाउनमध्ये फिटते. १९६८ मध्ये हार्वर्डने शेवटच्या ४२ सेकंदांत नेमकं तेच करून २९-२९ अशी बरोबरी साधली. तेव्हा लवकर उठू नकोस.

इथे क्रीडा शिष्यवृत्त्या नाहीत, त्यामुळे मोठ्या संघांचा वेग शोधू नकोस. खरी मजा टेलगेटमध्ये (सामन्याआधी पार्किंगमध्ये गाड्यांपाशी चालणाऱ्या खाण्यापिण्याच्या पार्टीत) आणि टोमणेबाजीत आहे. फक्त अनोळखी माणसाने हातात फलक दिला तर उंचावण्याआधी विचार कर. २००४ मध्ये येलच्या पोरांनी हार्वर्डच्याच प्रेक्षकांना फलक वाटून त्यांच्याकडून 'वी सक' (आम्ही भिकार) अशी अक्षरं उंचावून घेतली होती!