सिग्नल स्ट्रेंथ ८५ टक्के दाखवते तरी चित्र फुटतं, डिश बदलू का?

तुम्ही लिहिलंय की बॉक्सवर स्ट्रेंथ ८५ टक्के आहे, आभाळ स्वच्छ असलं तरी चित्र चौकोन चौकोन होऊन अडकतं, काही चॅनेल एकदम व्यवस्थित लागतात आणि काहींवर नुसतं नो सिग्नल, तर आता नवीन डिश घ्यावी का. नका घेऊ, निदान आत्ता तरी नको. डिश म्हणजे शेवटी वाकवलेला पत्रा, तो चेपला नसेल तर त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं.

आधी त्या ८५ वरून लक्ष काढा. स्ट्रेंथची पट्टी फक्त बॉक्सपर्यंत किती पॉवर पोचतेय ते दाखवते आणि त्यात एलएनबीचा (डिशसमोरच्या दांडीवर बसवलेली, सिग्नल पकडणारी डबी) स्वतःचा नॉइजही, म्हणजे नको असलेला गोंगाटही धरलेला असतो, म्हणून डिश भलतीकडे तोंड करून असली तरी बऱ्याच बॉक्सवर ही पट्टी भरलेलीच दिसते. बघायची ती क्वालिटी, म्हणजे त्या गोंगाटाच्या वर सिग्नल किती स्वच्छ येतोय ते, तीच खरी. डिजिटल सिग्नलमध्ये चित्र हळूहळू खराब होत नाही, क्वालिटी एका पातळीच्या वर असेपर्यंत सगळं झकास आणि त्याच्या जरा खाली गेली की लगेच चौकोन, त्यामुळे बिघाड कधीपासून वाढत होता ते आपल्याला कळतच नाही.

आता काहीच चॅनेल का जातात ते बघा, कारण खरा धागा तिथेच आहे. एलएनबीला वीज केबलमधूनच जाते, बॉक्स १३ व्होल्ट देतो तेव्हा ती उभ्या पोलरायझेशनचे (म्हणजे ज्यांच्या लहरी उभ्या दिशेने हलतात ते) चॅनेल घेते आणि १८ व्होल्ट दिले की आडव्याचे. गेलेल्या चॅनेलच्या माहितीत व्ही (उभं) आहे की एच (आडवं) ते लिहून काढा. सगळे एचवालेच गेले असतील तर बहुतेक १८ व्होल्ट वरपर्यंत पोचतच नाहीयेत, म्हणजे केबल, कनेक्टर नाहीतर बॉक्सचा सप्लाय.

माझा तर पहिला संशय कायम एलएनबीपाशी असलेल्या कनेक्टरवरच असतो. बॉक्सचा प्लग भिंतीतून काढा, मगच कनेक्टर उघडा, नाहीतर हातातच शॉर्ट व्हायचं. मधली तार स्वच्छ चकचकीत दिसायला हवी, काळी किंवा हिरवट झाली असेल तर पाणी शिरलंय. केबलमध्ये मधल्या तारेभोवती असते त्या धातूच्या जाळीचा एखादा केसासारखा धागा मधल्या तारेला चिकटलाय का तेही उजेडात धरून नीट बघा, तेवढ्यानेही सिग्नल जातो. पाणी जाळीतून आत झिरपत जातं, त्यामुळे नुसतं टोक पुसून भागत नाही, आतली जाळी चकचकीत दिसेपर्यंत केबल कापत जा आणि नवीन कनेक्टर लावा, पिळून बसवायचा नको, दाबून बसवायचा घ्या. वरून रबरी वॉटरप्रूफ टेप गुंडाळा आणि केबलला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल.

मध्ये कुठे जोड किंवा स्प्लिटर (एका केबलचे दोन-तीन फाटे करणारा) असेल तर तो काढूनच टाका. साध्या अँटेनाचे बरेचसे स्प्लिटर ९००-१००० मेगाहर्ट्झच्या आसपासच संपतात आणि एलएनबीकडून येणारा सिग्नल साधारण ९५० ते २१५० मध्ये असतो. शक्य असेल तर बॉक्स आणि टीव्ही डिशजवळ नेऊन छोट्या नव्या केबलने लावून बघा, तिथे नीट चाललं तर दोष जुन्या केबलचा, विषय संपला.

तिथेही फुटत असेल तर मग दिशा. उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटरवर असतो आणि ६० सेंटिमीटरच्या डिशचा झोत जेमतेम ३ अंशांचा, त्यामुळे नट ढिला होऊन वाऱ्याने जरा सरकली तरी फरक पडतो. आधीची जागा मार्करने आखून ठेवा, एकच नट सैल करा, अगदी किंचित हलवा आणि थांबा, बॉक्सला आकडा बदलायला काही सेकंद लागतात, लोक तेवढं थांबत नाहीत आणि तिथेच चुकतात. दोन्ही बाजूंना क्वालिटी कुठे पडते ते बघून बरोबर मध्ये आणा, आधी डावी-उजवी, मग वर-खाली, शेवटी एलएनबी थोडी फिरवून. समोर झाड वाढलंय का तेही बघा, ऑफसेट डिश (एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असते ती) दिसते जवळपास उभी पण बघत असते त्याच्या साधारण २०-२५ अंश वर, म्हणून वरच्या फांद्याही आड येतात.

एलएनबी बदलायची ती याच्यानंतर, तोंडावरच्या प्लास्टिकला तडा असेल किंवा भर उन्हातच चॅनेल जाऊन रात्री परत येत असतील तर. मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास काही दिवस ठरावीक वेळी पाच-दहा मिनिटं सिग्नल जातो तो सूर्य उपग्रहाच्या मागे आल्यामुळे, तेव्हा कशालाच हात लावू नका. आणि कोणी बूस्टर लावायला सांगितलं तर ऐकू नका, केबल खूपच लांब असेल तर गोष्ट वेगळी, एरवी तो सिग्नलबरोबर नॉइजही वाढवतो, स्ट्रेंथ वर जाईल पण क्वालिटी आहे तिथेच राहील.

पत्रा किंवा गच्ची ओली असेल तर वर चढू नका. गेलेल्या चॅनेलचं व्ही-एच आणि क्वालिटीचे आकडे इथे लिहा, मग नेमकं कुठे बघायचं ते सांगतो.