सनस्क्रीनच्या ट्यूबवर झिंक ऑक्साइडपुढे 'नॅनो' लिहिलंय. ते त्वचेतून रक्तात जातं का? वापरू की नको?

लावायचं क्रीम असेल तर खुशाल वापरा. स्प्रे किंवा पावडर असेल तर मी तरी घेणार नाही.

झिंक ऑक्साइड म्हणजे क्रिकेटपटूंच्या नाकावर दिसणारा तो पांढरा थर. कण 100 नॅनोमीटरपेक्षा बारीक केले (1 मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक नॅनोमीटर) की पांढरेपणा जवळपास जातो, अतिनील किरण मात्र अडतात. सावळ्या चेहऱ्यावर राखाडी झाक कुणाला हवी असते! युरोपात 'नॅनो' हा शब्द घटकांच्या यादीत छापावाच लागतो, त्यामुळे दचकू नका.

आतापर्यंतच्या अभ्यासांत हे कण बहुतांशी त्वचेच्या वरच्या, मृत पेशींच्या थरातच अडकलेले दिसतात. सोललेल्या किंवा जखमेच्या जागी मात्र लावू नका. सनस्क्रीनमधला दुसरा असाच पांढरा घटक म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड; त्याची कटकट वेगळी: उन्हात ते रासायनिक क्रिया घडवतं, म्हणून कणांवर सिलिका किंवा ॲल्युमिनाचं वेष्टण चढवतात.

खरी भीती श्वासाची. फुप्फुसात खोल गेलेली इतकी बारीक धूळ सहजी बाहेर पडत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने श्वासावाटे जाणारं टायटॅनियम डायऑक्साइड 'कर्करोगकारक असू शकेल' अशा 2ब गटात टाकलंय. पुरावा मुख्यतः प्रयोगशाळेतल्या उंदरांवरचा आहे. खाद्यपदार्थांत पांढरा रंग म्हणून ते घालायला (पाकिटावर त्याचा क्रमांक ई171) युरोपीय संघाने 2022 मध्ये बंदी केली. ती बातमी फिरताना 'सनस्क्रीनवर बंदी' होऊन जाते, तेवढं सांभाळा.